उणे साठ म्हणजे किती?

पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या माणसाला भिगवण मागे पडले की डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागते. थंडीत त्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात, उन्हाळ्यात पाणी दूर सरकते आणि गाळपेराची जमीन उघडी पडते. पळसदेव हे गाव याच काठावरचे. आताचे गाव नवे. जुने पळसदेव धरणाच्या पोटात गेले. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि तेव्हापासून जुन्या गावचे पळसनाथाचे देऊळ बहुतेक काळ पाण्याखालीच असते. पाणी फारच उतरले तर ते वर येते. मग आसपासची मंडळी चिखल तुडवीत दर्शनाला जातात, म्हातारी माणसे नातवंडांना आपल्या घराची जागा दाखवतात, आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा जवळजवळ उणे साठ टक्क्यांपर्यंत घसरला होता. हा आकडा रोज छापून येत होता, चहाच्या टपरीवर वाचला जात होता, आणि कुणी फारसा प्रश्न विचारत नव्हते. पण एखाद्या शाळकरी पोराने विचारावा असा प्रश्न त्यात दडलेला आहे. भांड्यात पाणी असते किंवा नसते. उणे साठ टक्के पाणी म्हणजे नेमके किती पाणी?

उत्तर अवघड नाही. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले ६३.६६ टीएमसी हा मृत साठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. तो संपला की शून्य टक्के, आणि त्याखाली मृत साठ्यातून जे पाणी जाईल ते उपयुक्त साठ्याच्याच मापाने 'उणे' म्हणून लिहितात. उणे साठ म्हणजे मृत साठ्यातले सुमारे ३२ टीएमसी गेले, साडेएकतीस टीएमसी अजून शिल्लक आहे. पूर्ण भरलेल्या धरणाच्या मानाने हे सुमारे सत्तावीस टक्के होतात.

आता गंमत पाहा. एकाच दिवशीच्या एकाच पाण्याला तीन आकडे लागले: उणे साठ टक्के, साडेएकतीस टीएमसी आणि सत्तावीस टक्के. तिन्ही खरे. पण पहिला ऐकला की धरण कोरडे पडल्यासारखे वाटते, दुसरा ऐकला की अजून पुष्कळ आहे असे वाटते, आणि तिसऱ्याने माणूस जरा विचारात पडतो. यातला कोणता आकडा लोकांपुढे ठेवायचा हे जो ठरवतो, तो नकळत अर्धा निर्णय करून मोकळा होतो.

हा लेख त्या ठरवण्याविषयी आहे. एरवी संगणकाच्या जाणकारांतच चर्चिला जाणारा एक विषय त्यासाठी मी रविवारच्या वाचकांपुढे ठेवणार आहे: शास्त्रीय आकडेमोड करणाऱ्या आज्ञावलीला पडद्यावरची खिडकी कशी जोडायची आणि ती कोणी जोडायची. माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्या आकडेमोडीवर लोकांचे पाणी, पीक किंवा आरोग्य अवलंबून आहे, तिला त्या लोकांच्या हाताला लागेल अशी खिडकी असली पाहिजे. अशी खिडकी बांधण्याची हत्यारे आज फुकट मिळतात. ती घडवणारी माणसे आपल्याच राज्यात आहेत. तरीही आपण ती आपल्या दाराशी वापरत नाही, आणि ही आपली चूक आहे.

आकड्यांचे कागद आणि पडद्यावरची खिडकी

शास्त्रज्ञांनी संगणक वापरायला सुरुवात केली तेव्हा खिडकी वगैरे काही नव्हते. फोरट्रान ही आकडेमोडीची भाषा १९५७ मध्ये आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली चालू झाला. त्या काळची रीत सरळ होती. आज्ञा आणि आकडे छिद्रे पाडून यंत्राला द्यायचे, यंत्र गणित करणार, आणि उत्तर आकड्यांच्या रकान्यांत कागदावर छापून येणार. 'गाळ थोडा जास्त धरला असता तर?' असा प्रश्न मनात आला की पुन्हा रांगेत उभे राहायचे. आकडेमोड ज्याने लिहिली त्यालाच तिचा अर्थ कळे. इतरांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

पडद्यावरची खिडकी आली आणि हे चित्र बदलले. खिडकी म्हणजे बटणे, सरकपट्ट्या, निवडीच्या याद्या आणि आलेख. बोटाने सरकपट्टी हलवली की आलेख हलतो. 'असे धरले तर काय' हा प्रश्न विचारायला भाषा शिकावी लागत नाही. मात्र ही खिडकी बांधणे हे फार कटकटीचे काम होते. गणिताच्या शंभर ओळींना खिडकीच्या हजार ओळी चिकटत. पदार्थविज्ञानाचा किंवा जलशास्त्राचा अभ्यासक त्या भानगडीत पडत नसे. पडलाच तर गणित आणि खिडकी एकमेकांत अशी गुंतत की एकाला हात लावला की दुसरे मोडे.

या गुंत्यातून वाट काढली ती 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड' म्हणजे वस्तुकेंद्री पद्धतीने. नाव जड आहे, कल्पना घरगुती आहे. आज्ञावलीत 'धरण' नावाची एक वस्तू करायची. तिची पातळी, तिचा गाळ, तिचा मृत साठा ही माहिती तिच्याच पोटात. 'तुझ्यात किती पाणी आहे?' असे विचारले की हिशेब तीच करून देणार. एकदा 'धरण' या जातीची व्याख्या केली की उजनी, पानशेत, खडकवासला, पावना ही त्या जातीची एकेक व्यक्ती. आणि खिडकी ही वेगळी वस्तू. ती धरणाला विचारते आणि दाखवते, हिशेब करत नाही. त्यामुळे एकाच धरणाला तीन खिडक्या लावता येतात. एक उणे साठ दाखवील, दुसरी टीएमसी, तिसरी एकूण साठ्याची टक्केवारी. पाणी एकच, आणि तिघींनाही ते एकाच ठिकाणाहून कळते. वर आपण कागदावर जे केले तेच हे.

नॉर्वेचा धडा

ही कल्पना कुठून आली हे सांगितले पाहिजे, कारण त्यात आपल्यासाठी धडा आहे. ती नॉर्वेत जन्मली. हा देश लोकसंख्येने आपल्या पुणे जिल्ह्याहून लहान. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसे होती. नॉर्वेत आजही साठ लाख नाहीत. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६० च्या दशकात 'सिम्युला' ही भाषा घडवली. प्रत्यक्षातल्या व्यवहारांची नक्कल संगणकावर करून पाहणे हा तिचा हेतू. वस्तू आणि वस्तूंची जात या दोन्ही कल्पना १९६७ च्या सिम्युलात आहेत. म्हणजे ही पद्धत मुळात शास्त्रीय कामासाठीच निघाली होती. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने तिच्यावर पडद्यावरच्या खिडक्या उभ्या केल्या.

त्या केंद्रात १९७९ च्या सुमारास ट्रिग्वे रेन्स्कॉग हा आणखी एक नॉर्वेजियन पाहुणा म्हणून आला होता. जहाजबांधणीच्या नियोजनाचा त्याला अनुभव होता. मूळ प्रतिमान वेगळे, त्याचे दर्शन वेगळे आणि वापरणाऱ्याच्या हातातली कळ वेगळी, ही तीन भागांची मांडणी त्याची. आज जगातल्या बहुतेक खिडक्या कमीअधिक फरकाने याच मांडणीवर उभ्या आहेत. आणि १९९० साली ट्रॉन्डहाइमचे दोन तरुण अल्ट्रासाउंडच्या प्रतिमा साठवण्याच्या आज्ञावलीवर काम करत होते. एकच खिडकी वेगवेगळ्या संगणकांवर चालावी या गरजेतून त्यांना 'क्यूट' या वस्तुकेंद्री साधनसंचाची कल्पना सुचली. १९९५ मध्ये तो जगापुढे आला आणि आजही प्रयोगशाळांत तो सर्रास वापरला जातो.

एका छोट्या देशाने हे तीनदा कसे केले? जगासाठी काही महान करायचे म्हणून ते बसले नव्हते. त्यांनी आपल्या दाराशी असलेले काम हाती घेतले: आपले कारखाने, आपली जहाजे, आपले दवाखाने. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सिम्युलाचा हाच न्यूगार्ड १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात येणारे संगणक कामगारांना समजावेत आणि त्यांच्या वापराविषयी बोलण्याचा अधिकार कामगारांना मिळावा, हा त्या कामाचा उद्देश होता. वस्तुकेंद्री पद्धत घडवणाऱ्यालाच हे कळले होते, की यंत्राचे मॉडेल ज्याच्या हातात असते, शब्द त्याचाच चालतो.

आपल्याकडचे कारागीर

आता आपल्याकडे वळू. त्रिमिती शास्त्रीय चित्रे काढण्यासाठी जगभर वापरले जाणारे एक साधन आहे. त्याचे नाव 'मायावी'. नाव परदेशी माणसाला सुचणार नाही असे, कारण ते साधन भारतातलेच. प्रभू रामचंद्रन यांनी ते २००१ च्या सुमारास पायथन भाषेत लिहून मोफत खुले केले. ते पवईच्या आयआयटीत विमानविद्या विभागाचे प्राध्यापक आहेत. हवेचा झोत पंखावरून कसा वाहतो, भोवरे कुठे पडतात, हे आकड्यांच्या ढिगाऱ्यातून डोळ्यांना दिसावे ही त्यामागची गरज. पुन्हा तेच: ज्याचे काम त्यानेच हत्यार घडवले.

मायावीची पुढची आवृत्ती 'ट्रेट्स' नावाच्या साधनसंचावर उभी आहे. तो एन्थॉट या अमेरिकी कंपनीचा, पण मोफत आणि खुला. त्याची खुबी सामान्य वाचकालाही कळण्यासारखी आहे. शास्त्रज्ञाने फक्त जाहीर करायचे: पातळी ही संख्या आहे आणि ती अमुक ते तमुक या मर्यादेत राहते, बाष्पीभवन धरायचे की नाही हे हो किंवा नाही, हंगाम हा तीनपैकी एक. एवढे सांगितले की खिडकी आपोआप तयार होते. मर्यादेतल्या संख्येची सरकपट्टी होते, हो-नाहीची खूण करायची चौकट होते, तीनपैकी एकाची यादी होते. पातळी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येकाला निरोप जातो आणि आलेख आपणहून बदलतो. गणिताच्या शंभर ओळींना चिकटणाऱ्या हजार ओळी उरल्या चारदोन. मॉडेल नीट मांडले की खिडकी जवळजवळ फुकट मिळते, असा हा सौदा आहे.

मायावी हे एकटे उदाहरण नाही. पुण्याच्या आयुकाने पर्सिस्टंट सिस्टिम्सबरोबर आभासी वेधशाळेचा प्रकल्प चालवला. त्यातून ताऱ्यांच्या लांबलचक याद्यांचे आलेख काढणारे 'व्हीओप्लॉट' हे जावा भाषेतले साधन निघाले. दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीच्या नियंत्रण-व्यवस्थेचा आराखडा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या एनसीआरएकडे होते. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना चालवणारी हीच संस्था. एसकेएच्या नियंत्रणासाठी जी 'टँगो' प्रणाली निवडली गेली, तिच्यात दुर्बिणीचे प्रत्येक उपकरण ही एक वस्तू असते, आणि खिडकी तिच्याशी बोलते.

म्हणजे आकाशातल्या दीर्घिकांसाठी आणि विमानाच्या पंखासाठी आपल्याकडे खिडक्या आहेत. जुन्नर तालुक्यात बसलेला अभ्यासक अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेली लहर पडद्यावर उलटीपालटी करून पाहतो. पण इंदापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला पुढच्या महिन्यात आपल्या मोटारीला पाणी लागेल का, हे तसे करून पाहता येत नाही.

मयसभेचा धोका

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खिडकी फसवते. देखणी खिडकी वाईट गणितालाही अब्रू मिळवून देते. रंगीत आलेख पाहिला की माणूस त्यामागचे गृहीतक विचारायला विसरतो. 'मायावी' या नावातच हा इशारा आहे असे मला नेहमी वाटते. मयसभेत दुर्योधनाला जमीन पाण्यासारखी आणि पाणी जमिनीसारखे दिसले, आणि तो पडला. उजनीच्या पाण्याचा हिशेब दाखवणारी खिडकी तशीच निघाली तर पडणारे आपण असू.

संगणकातले जुने जाणकार आणखी एक तक्रार करतात, तीही खरी आहे. लिहिलेल्या आज्ञावलीचा कागद मागे राहतो. खिडकीत केलेल्या टिचक्या हवेत विरतात. काल कोणती सरकपट्टी कुठे होती हे आज कुणाला सांगता येत नाही, मग त्या निष्कर्षाची फेरतपासणी कशी करायची? फेरफाराची नोंद नसलेल्या सातबाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

पण या दोन्ही आक्षेपांचे उत्तर खिडकी काढून टाकणे हे नव्हे. मायावीत एक सोय आहे: तुम्ही खिडकीत जे जे कराल त्याची आज्ञावली आपोआप लिहिली जाते. हाच फेरफार. कोणी, काय बदलले, हे दुसऱ्याला जसेच्या तसे पुन्हा करून पाहता येते. आणि मयसभेवरचा उपाय म्हणजे गृहीतकांनाच सरकपट्ट्या करणे. गाळ किती साचला असे धरले, बाष्पीभवन किती, उपसा किती, हे आकडे गणिताच्या तळघरात न ठेवता खिडकीच्या दर्शनी भागात ठेवायचे. ज्याला पटत नाही त्याने सरकवून पाहावे. ज्या खिडकीत फक्त उत्तर दिसते आणि गृहीतक हलत नाही, ती खिडकी नव्हे, तो फलक.

उजनीची खिडकी

पाण्याचे फलक आपल्याकडे पुष्कळ आहेत. दौंडचा विसर्ग इतके क्युसेक, उजनीची टक्केवारी इतकी, हे आता फोनवर रोज सकाळी येते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पुराचा अंदाज आणि धरणांचे परिचालन यांची संगणकीय यंत्रणाही जलसंपदा विभागाकडे आहे. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात ती आली, डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेच्या नदी-प्रतिमानावर ती बेतलेली आहे. हे काम चांगले आहे, पुराच्या दिवसांत अशा यंत्रणेची किंमत कळते. पण तिची रचनाच अभियंत्यांसाठी आहे. धरणाच्या खालच्या आणि वरच्या लोकांच्या हातात ती जावी अशी अपेक्षाच कुणी ठेवलेली नाही.

त्याचा परिणाम आपण पाहिला आहे. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. सोलापूर जिल्ह्यात आंदोलने झाली, आणि तो आदेश मागे घेतला गेला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हा इथे मुद्दा नाही. मुद्दा असा, की एवढा मोठा वाद दोन्ही तीरांवर फक्त घोषणांनी लढला गेला. पुण्याहून वापरून सोडलेले पाणी नेमके किती येते? पाऊस कमी झालेल्या वर्षी त्यातले पाच टीएमसी वर उचलले तर खाली मे महिन्यात काय उरते? भरपूर पावसाच्या वर्षी काय होते? हे प्रश्न इंदापूरच्या आणि माढ्याच्या माणसाला एकाच खिडकीत, एकाच आकड्यांवर, स्वतः सरकपट्टी हलवून पाहता आले असते, तर भांडण मिटले असते असे मी म्हणणार नाही. पाण्याची भांडणे अशी मिटत नाहीत. पण भांडण कशावर आहे, गाळावर की उपशावर की हक्कावर, एवढे तरी स्पष्ट झाले असते. हक्काचे भांडण हक्काचे म्हणून लढावे. ते टीएमसीच्या धुक्यात लढले की दोन्ही बाजूंचे शेतकरी हरतात.

'शेतकऱ्याला आकडेमोड काय कळणार' असे म्हणणारे भेटतात. त्यांनी गळिताच्या हंगामात या पट्ट्यात येऊन बसावे. साखर उतारा दशांशात किती घसरला की उसाच्या दरात टनामागे किती रुपये जातात, हा हिशेब इथे तोंडी होतो. किती अश्वशक्तीची मोटार किती फूट पाणी चढवील, हे इथे पोरांनाही ठाऊक असते. बारामतीला उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे, आणि उपग्रह आणि जमिनीतले संवेदक यांच्या आधारे सल्ला फोनवर घ्यायला शेतकरी पुढे आले आहेत. माणसे तयार आहेत. मात्र सल्ला आणि खिडकी यांत फरक आहे. सल्ला म्हणतो, 'असे करा.' खिडकी म्हणते, 'असे केले तर असे होईल, तुम्हीच पाहा.' पहिल्यात माणूस ग्राहक असतो, दुसऱ्यात तो शहाणा होत जातो.

मग अडते कुठे? दोन गोष्टींत. पहिली भाषेची. शास्त्रीय आलेखांसाठी जगभर वापरले जाणारे 'मॅटप्लॉटलिब' हे साधन जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूचे संकेत पाहण्यासाठी लिहिले. २००३ मध्ये ते बाहेर आले. उत्तम साधन आहे. पण त्यात अगदी अलीकडेपर्यंत देवनागरी नीट उमटत नसे. आलेखाखाली 'पळसदेव' लिहिले तर ठीक दिसे. 'विसर्ग' लिहिले की मोडे: पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे आणि रफार डोक्यावर चढण्याऐवजी पायमोडका र म्हणून उभा राही. ही चूक कुणी मुद्दाम केलेली नव्हती. ती लिहिणाऱ्याच्या दारात देवनागरी नव्हती, एवढेच. ज्यांच्या दारात आहे त्यांनी हट्ट धरला नाही. पवईच्या आयआयटीतून पायथन, सायलॅब यांसारख्या साधनांचे बोलके पाठ मराठीतही निघाले, ही मोलाची गोष्ट आहे. पण त्या पाठांतही आवाज मराठी असला तरी पडद्यावरची खिडकी इंग्रजीच असते.

दुसरी अडचण शिक्षणाची. बारामती, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात आता अभियांत्रिकी शिकणारी मुले हजारोंनी आहेत. त्यांतली बरीच धरणग्रस्तांची नातवंडे आहेत. वस्तुकेंद्री आज्ञावली हा विषय या मुलांना असतो. तो शिकवताना पुस्तकात जे उदाहरण असते ते बहुतेक बँकेच्या खात्याचे किंवा वाहनांच्या जातींचे: गाडी ही वस्तू, तिला चार चाके. मुले ते पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी 'धरण' ही वस्तू करा असे सांगितले तर? दौंडचा विसर्ग, पातळी, सोडलेले पाणी हे आकडे रोज जाहीर होतात. पाण्याची आवक-जावक हे काही रॉकेटचे गणित नव्हे. आलेले वजा गेलेले वजा उडालेले. साधने मोफत आहेत. अशी खिडकी एका सत्रात उभी राहू शकते. ती पहिल्या वर्षी चुकेल. मग गावातला कुणी म्हातारा म्हणेल, 'पोरा, पाणी इथवर उतरले तेव्हा देवळाचा कळस दिसत होता, तुझ्या खिडकीत तो बुडालेला कसा?' आणि त्या दिवशी त्या मुलाचे खरे शिक्षण सुरू होईल, कारण त्याच्या मॉडेलला पहिल्यांदाच कुणीतरी जाब विचारलेला असेल.

मला यात सरकारने अमुक करावे, तमुक निधी द्यावा, अशी मागणी करायची नाही. एकच गोष्ट सरकारकडे मागायची: रोजचे आकडे आणि ज्या गृहीतकांवर नियोजन होते ती, दोन्ही यंत्राला वाचता येतील अशा रूपात खुली ठेवावीत. बाकीचे काम महाविद्यालयांचे, शिक्षकांचे आणि मुलांचे आहे. नॉर्वेच्या माणसांनी आपल्या जहाजांपासून सुरुवात केली. आपल्याकडे जहाजे नाहीत, उजनी आहे.

पळसदेवच्या काठावर उभे राहिले की पाण्याखाली गेलेल्या गावाचा विचार मनात येतोच. ते गाव पाण्याखाली जायचे ठरले तेव्हाही कुठेतरी कुणीतरी हिशेब केला होता. किती जमीन बुडेल, किती भिजेल, किती घरे उठतील. तो हिशेब तेव्हा ज्या कागदांवर होता त्यांपर्यंत गावकऱ्यांचा हात पोचण्याची सोयच नव्हती. आज ती होऊ शकते. यापुढे कधीतरी पुन्हा उणे साठ येईल, देऊळ वर येईल, माणसे चिखल तुडवीत जातील. तेव्हा सोबतच्या नातवाने 'उणे साठ म्हणजे किती?' असे विचारले, तर आजोबांनी खिशातला फोन काढून त्याच्या हातात द्यावा आणि म्हणावे, 'तूच सरकवून बघ.'